श्वानपालन आणि शेजारधर्म

‘पाळणे’ हा आपल्या मराठीतील मोठा अर्थगर्भ शब्द आहे. आपण एकादशी पाळतो, वचन पाळतो, पथ्य पाळतो. आणि गाय, शेळी, कुत्राही पाळतो. जे क्रियापद व्रताला, तेच जनावराला. संस्कृतातील ‘पाल्’ धातूचा अर्थ रक्षण करणे असा आहे. आता दिवसभर उपास करून रात्री चोरून भाकरी खाणाऱ्याने एकादशी पाळली, असे कोणी म्हणत नाही. मग सकाळी एक शिळी भाकरी टाकून दिवसभर कुत्र्याला गावावर सोडून देणाऱ्याने कुत्रा पाळला, असे आपण का म्हणतो? व्रत घेतले की नियम आले. नियम नको असतील तर व्रत घेऊ नये, एवढे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे.

कोणी म्हणेल, बुवा, हा विषय ग्रामपंचायतीचा. कीर्तनकाराने यात कशाला पडावे? सज्जनहो, धर्माचा विचार फक्त देवळात करायचा आणि देवळाबाहेरच्या आळीत तो सोडून द्यायचा, असे आम्हांस गुरुजनांनी शिकविले नाही. शेजाऱ्याशी कसे वागावे हा धर्माचाच प्रश्न आहे. आणि मुका प्राणी मध्ये आला म्हणजे तर तो अधिक नाजूक होतो, कारण त्या प्राण्याच्या वतीने बोलणारा आणि त्याच्या वतीने उत्तर देणारा मालकावाचून दुसरा कोणी नसतो.

वज्रेश्वरी हे आमचे क्षेत्र. इ. स. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि देवीला बोललेला नवस फेडण्यासाठी हे देऊळ बांधविले, असे परंपरा सांगते. बावन्न पायऱ्या चढून भाविक दर्शनाला जातो. खाली तानसा नदी, जवळच अकलोलीची उष्णोदकाची कुंडे, पलीकडे गणेशपुरी. चैत्रातील अमावास्येला यात्रा भरते. म्हणजे बाराही महिने येथे अनवाणी पायाने चालणारी माणसे असतात. त्यांत म्हाताऱ्या असतात, कडेवरची लेकरे असतात, सांधे धरलेले लोक गरम पाण्यासाठी येतात. भोवतालच्या पाड्यांवर घरोघर कुत्रा आहे. भाताच्या खळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी रात्री जागणारा तोच. अलीकडे शहरातल्या लोकांनी बांधलेले बंगलेही आले. त्यांच्या फाटकामागे मोठाली, महाग जातीची कुत्री असतात. पाड्यावरचा गावठी कुत्रा असो की बंगल्यातला परदेशी, अनवाणी चालणाऱ्या म्हातारीला दोघांचेही दात सारखेच.

एका गावी आम्ही ओसरीवर बसलो असताना ऐकलेला संवाद सांगतो. शेजारची बाई गाऱ्हाणे घेऊन आली होती. घरमालक म्हणाले, “अहो वहिनी, उगाच घाबरता. तो काही करत नाही.” बाई म्हणाल्या, “भाऊजी, तो काही करत नाही हे तुम्हांला ठाऊक. आमच्या सासूबाईंना ते कसं ठाऊक व्हायचं? तीन दिवस झाले, त्या काकड्याला जायच्या थांबल्यात.” मालक हसले; पण बाईंच्या बोलण्यात जे होते ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

‘तो काही करत नाही’ हे वाक्य आपण सारे ऐकतो. त्याची थोडी चिकित्सा करू. मालकाचा आधार काय? ‘गेली पाच वर्षे हा कोणाला चावला नाही.’ हे अनुमान झाले. न्यायशास्त्रात एक जुने उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे. परंतु जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. लाकूड ओले असले तरच धूर होतो. ओले सरपण ही तेथे उपाधी आहे. तसे येथेही आहे. कुत्रा चावला नाही हे मालकाने पाहिले ते केव्हा? मालक जवळ असताना, पोट भरलेले असताना, समोर ओळखीचे माणूस असताना. मालकाचे सान्निध्य ही त्या शांतपणाची उपाधी आहे. मालक घरात झोपला, कुत्रा रस्त्यावर, समोरून छत्री उघडून अनोळखी माणूस आला, पोरगे घाबरून पळाले, कुत्री व्यालेली असली आणि कोणी पिलांजवळ गेले. मग ते अनुमान उभे राहत नाही. हा कुत्र्याचा दोष नव्हे. पळणाऱ्याच्या मागे धावणे आणि आपली हद्द राखणे हा त्याचा स्वभावच आहे. स्वभावाला आवर घालणे हे ज्याला बुद्धी आहे त्याचे काम.

आणि समजा, तो खरोखरच चावणार नाही. तरी म्हातारी काकड्याला जायची थांबली, त्याचे काय? दात लागला तरच इजा झाली, एरवी नाही, हे गणित फार ढोबळ आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत, त्यांत पहिले नाव अभयाचे आहे. संन्यास घेणारा पहिला संकल्प करतो तो सर्व भूतांना अभय देण्याचा. प्रापंचिकाला सर्व भूतांचे साधणार नाही. पण आपल्या आळीतल्या म्हातारीला आणि शाळेत जाणाऱ्या पोराला आपल्या दाराशी भय वाटू नये, इतके तरी साधावयास नको काय? भय हीच इजा आहे. ज्याच्या दारावरून जाताना मूल रस्ता बदलते, त्या घराने त्या मुलाचा रस्ता हिरावून घेतला असे समजावे.

येथे काही भाविक मंडळी आम्हांला अडवितात. ‘बुवा, नामदेवरायांनी कुत्र्याने पळविलेली पोळी कोरडी म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धाव घेतली. मग कुत्र्याला बांधा, आवरा, असे तुम्ही कसे सांगता?’ प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु ती कथा नीट पाहावी. नामदेवरायांनी जे दिले ते स्वतःचे दिले. पोळी त्यांची, तूप त्यांचे, पळण्याचे श्रम त्यांचे. शेजाऱ्याच्या ताटातली पोळी त्या कुत्र्याने नेली असती आणि नामदेवराय शेजाऱ्याला ‘भूतदया ठेवा’ म्हणून सांगत बसले असते, तर ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली नसती. दया आपल्या खर्चाने करायची असते. आपल्या कुत्र्याने शेजाऱ्याच्या कोंबड्या माराव्या, अंगणात घाण करावी, रात्रभर भुंकून आजाऱ्याची झोप मोडावी, आणि आपण संतांची नावे घ्यावी, यात भूतदया नाही. शेजाऱ्याच्या खर्चाने मिळविलेले पुण्य आहे, आणि तसले पुण्य जमा होत नाही.

दुसरा आधार घेतात तो समदृष्टीचा. पंडित ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा या सर्वांच्या ठायी ज्ञानी पुरुष एकच तत्त्व पाहतो, असे गीता सांगते. होय, सांगते. परंतु तेथे दर्शन सम आहे, वर्तन सम नव्हे. समदृष्टीचा मनुष्यही गायीला चारा घालतो आणि कुत्र्याला भाकरी. हत्तीला अंकुशाने आवरतो आणि पंडिताला शब्दाने. ज्याचे जसे शरीर, जसा स्वभाव, तशी त्याची व्यवस्था, आणि सर्वांच्या मुळाशी प्रेम एकच. कुत्र्याला रस्त्यावर दोरीने धरून नेणे हे त्याच्यावरच्या प्रेमाविरुद्ध नाही. आपण लहान मुलाचा हात वाहत्या रस्त्यावर धरतोच ना? ते प्रेम कमी म्हणून का?

आता ‘माझे’पणाचा विचार करू. वेदान्त सांगतो की ‘माझे’ हा शब्दच बंधन आहे. हे बंधन मालक सोयीने वापरतो. कुत्र्याने चोर पकडला की तो ‘माझा’ कुत्रा. पाहुण्यांसमोर त्याने हात पुढे केला की ‘माझा’ कुत्रा. पण तो कोणाला चावला, की लगेच ‘अहो, मुके जनावर आहे, त्याला काय कळते?’ गुणांपुरता आपला आणि दोषापुरता ईश्वराचा, अशी ही वाटणी. व्यवहारातही असे चालत नाही. शेताचा मालक पीक घेतो, तसा सारा भरतो. ज्याने कौतुक घेतले त्याने गाऱ्हाणेही घ्यावे.

आमच्या स्मृतिकारांनी हे फार नेमके ओळखले होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगितले आहे की, दात असलेले किंवा शिंगे असलेले जनावर एखाद्यावर धावून गेले आणि सोडविण्याची शक्ती असूनही मालकाने सोडविले नाही, तर त्याला प्रथम साहसाचा दंड करावा. आणि संकटात सापडलेल्याने हाका मारल्या असतानाही तो आला नाही, तर दंड दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच निर्णय आहे. यातील मर्म लक्षात घ्या. जनावर बाळगले म्हणून दंड नाही. दंड आहे तो शक्ती असून स्वस्थ बसण्याला. आणि हाक ऐकून स्वस्थ बसणाऱ्याला दुप्पट आहे. शेजारच्या वहिनी ओसरीवर येऊन सांगून गेल्या, ही ती हाक. तिच्यानंतर घडेल त्याला ‘मला कल्पना नव्हती’ हे उत्तर उरत नाही.

आजचा कायदाही याच वाटेने जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेत २८९ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तेच २९१ वे कलम आहे. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जीविताला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी जो जाणूनबुजून किंवा हयगयीने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र राजदंडाच्या भीतीने जे करायचे ते शेजारधर्माने आधीच केले, तर शोभून दिसेल.

आणि कायद्याची दुसरी बाजूही ऐकावी. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्याने आखूड किंवा जड साखळीला जनावर वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधणे, नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरावयास न नेणे, आणि पाळलेले जनावर विनाकारण सोडून देणे, हे तिन्ही गुन्हे ठरविले आहेत. म्हणजे बांधा म्हणून सांगणारे आम्ही, जन्मभर खांबाला बांधून ठेवा असे सांगत नाही. बारा महिने साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो आणि मग सुटला की तोच अधिक घातक ठरतो. सकाळ-संध्याकाळ मालकाने स्वतः त्याला दोरी धरून हिंडवावे, पाणी ताजे ठेवावे, उन्हात सावली द्यावी. ज्याला इतका वेळ नाही, त्याने कुत्रा पाळू नये; यात कमीपणा काही नाही.

आता सर्वांत मोठ्या संकटाकडे येतो. कुत्रा पिसाळणे म्हणजे काय हे आपल्या वैद्यांना प्राचीन काळापासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे वर्णन आहे. ज्याला पाणी पाहून किंवा पाण्याचे नाव ऐकून त्रास होतो, तो रोगी वाचत नाही, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आजचे वैद्यकही हेच सांगते. लक्षणे उमटली की या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. फरक एवढाच की, लक्षणे उमटण्यापूर्वी त्याला अडविण्याचा मार्ग सापडला आहे. १८८५ च्या जुलैत पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो मुलगा वाचला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात. त्यांतील बहुतेक आशिया आणि आफ्रिका खंडांतील गरीब घरांची असतात, लहान मुलांचे प्रमाण मोठे असते, आणि शंभरांतील नव्याण्णव जणांना रोग कुत्र्याकडून आलेला असतो. भारत सरकारने २०३० सालापर्यंत कुत्र्यांपासून होणारा हा रोग नाहीसा करण्याचा संकल्प केला आहे. तो संकल्प दिल्लीत बसून पुरा होणार नाही. आपल्या दाराशी बांधलेल्या कुत्र्यापासून त्याला आरंभ करावा लागेल.

पिलू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्याकडून त्याला लस टोचून घ्यावी, मग ते सांगतील त्याप्रमाणे पुढची मात्रा आणि दर वर्षी पुन्हा. टोचल्याचा कागद घरात जपून ठेवावा. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन; त्या दिवशी जागतिक रेबीज दिन पाळतात आणि अनेक ठिकाणी लसीची शिबिरे भरतात. गावाने अशी शिबिरे मागून घ्यावीत. एका भागातील शंभरांपैकी सत्तर कुत्री टोचलेली असली, तर रोगाची साखळी तुटते, असे जाणकार सांगतात. म्हणजे आपला कुत्रा टोचून घेणारा मनुष्य ज्याला तो ओळखतही नाही अशा मुलाचे रक्षण करतो. हे गुप्तदानच नव्हे काय?

आणि एवढे करूनही आपला कुत्रा कोणाला चावला तर? येथे मालकाची खरी परीक्षा आहे. पहिली गोष्ट, घरात दडून बसू नये. स्वतः पुढे व्हावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावू नये. मंत्र-गंडे करण्यात वेळ घालवू नये. हे आम्ही कीर्तनकार असून सांगतो. त्याच दिवशी त्या माणसाला आपण स्वतः दवाखान्यात न्यावे. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या भीतीने आजही काही लोक टाळतात. ती पद्धत केव्हाच गेली. आता मोजकी इंजेक्शने दंडावर देतात, आणि जखम खोल असेल तर जखमेत वेगळे औषध भरतात. सांगितलेल्या तारखा एकही न चुकविता पुऱ्या कराव्यात. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी मालकाने द्यावी, मागण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट कुत्र्याविषयी. लाजेने किंवा भीतीने लोक चावलेल्या कुत्र्याला लांब रानात सोडून येतात किंवा ठार मारतात. असे कदापि करू नये. त्याला बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता हे कळते, आणि त्या घरचा जीव भांड्यात पडतो. पुरावाच नाहीसा केला, तर चावलेल्या माणसाच्या मनातील शंका कोण काढणार? मात्र हे दहा दिवस संपण्याची वाट पाहून इंजेक्शन लांबवू नये. ते पहिल्याच दिवशी सुरू करावे. आपल्या कुत्र्याला लस दिली आहे की नाही, हे खरे सांगावे. या प्रसंगी सांगितलेले खोटे एखाद्याचा प्राण घेऊ शकते.

आता लहान वाटणाऱ्या गोष्टी. आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलावी. शेण सारवायला घेतो, घोड्याची लीद खताला जाते, मग यालाच किळस का? भाविक अनवाणी चालतो त्या वाटेवर, देवळाच्या पायऱ्यांवर, नदीच्या घाटावर ती पडू देऊ नये. त्या घाणीतून कृमींचा उपद्रव माणसाला होतो. ज्या उष्ण कुंडात माणसे अंग शेकायला उतरतात, त्यात खरजेचे कुत्रे धुवू नये. खरजेला पशुवैद्याचे औषध आहे. रात्री कुत्रा तासन्‌तास भुंकत राहिला तर उठून पाहावे. त्याला भूक असेल, थंडी असेल, किंवा तो एकटा पडला असेल. उकिरडा उघडा ठेवू नये. उकिरड्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या वासावर आमच्या या रानाकडच्या भागात बिबट्या येतो.

पिलांचा प्रश्न तर फारच मोठा. कुत्री सुमारे नऊ आठवड्यांत विते, वर्षातून बहुधा दोनदा, आणि एका वेळी चार-सहा पिले सहज होतात. हौसेने एक पाळले, त्याची दोन वर्षांत वीस झाली, की मग पोत्यात घालून देवळापाशी, बाजारात किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडण्याचा अघोरी प्रकार होतो. देवाच्या दारी सोडले म्हणजे देवावर सोपविले, असे मनाचे समाधान करून घेतात. देवाने ते आपल्या दाराशी दिले होते, हे विसरतात. नर असो की मादी, वेळीच नसबंदी करून घ्यावी. एकदाच्या शस्त्रक्रियेने पुढच्या अनेक जिवांची उपासमार टळते. यात पाप आहे काय, असे आम्हांला विचारतात. आम्ही उलट विचारतो, पोत्याचे तोंड बांधताना पाप आठवत नाही काय?

आणि म्हातारे, आजारी झालेले कुत्रे सोडून देणाऱ्याविषयी काय बोलावे! महाप्रस्थानाच्या वाटेवर पाच पांडव, द्रौपदी आणि सातवा एक कुत्रा निघाला. एकेक करून सारे पडले. युधिष्ठिर आणि कुत्रा उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि चल. युधिष्ठिराने तो कुत्रा पाळलेला नव्हता. तो नुसता मागे आलेला होता. तरीही आश्रयाला आलेल्याचा त्याग हे महापातक आहे म्हणून त्याने स्वर्ग नाकारला, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला. मागे आलेल्या कुत्र्यासाठी जर एवढे, तर दहा वर्षे आपल्या खळ्याची राखण केलेल्यासाठी किती?

आता शेजाऱ्यांकडेही वळले पाहिजे, कारण धर्म एका बाजूचा नसतो. महाभारताच्या आरंभीच एक कथा आहे. जनमेजयाच्या सत्रात सरमेचा मुलगा, म्हणजे एक कुत्रा, आला. त्याने हवीकडे पाहिलेही नव्हते, चाटणे तर दूरच. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. तो रडत आईकडे गेला. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारती झाली, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणाजवळ उत्तर नव्हते. तेव्हा तिने शाप दिला की, निरपराध्याला मारलेत, आता तुम्हांवर न दिसणारे भय येईल. एवढ्या थोर ग्रंथाच्या दाराशीच व्यासांनी एका कुत्रीचे गाऱ्हाणे बसविले आहे. म्हणून झोपलेल्या कुत्र्याला दगड मारणारी मुले पाहिली की वडीलधाऱ्यांनी हटकावे. आज मारलेल्या दगडाचे उत्तर उद्या कोणा तिसऱ्याच्याच पोटरीला मिळते. न दिसणारे भय ते हेच. मालकाशी भांडण असेल तर मालकाशी बोलावे. मुक्या जनावराला विष घालून सूड उगवू नये. ते पाप आहे आणि गुन्हाही.

ज्यांना मालक नाही अशा कुत्र्यांचे काय? मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली. मारण्याचा मार्ग पुढेही पुष्कळ वर्षे चालला, पण कुत्री संपली नाहीत. २००१ साली नसबंदी आणि लसीकरणाचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून मोठा वाद झाला. सर्व कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावी हा ११ ऑगस्टचा आदेश २२ ऑगस्टला बदलण्यात आला. नसबंदी व लस करून कुत्री मूळ जागी सोडावी, पिसाळलेली व फार चावरी सोडू नयेत, आणि खाऊ घालायचे ते ठरलेल्या जागीच, असे ठरले. पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा जागांतून कुत्री हलविण्याचा आदेश निघाला.

आम्हांला यातील ‘ठरलेली जागा’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. २०२३ च्या नियमांतही खाऊ घालण्याची जागा जिन्यांपासून, येण्याजाण्याच्या दारांपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी असे आहे. वैश्वदेवाचा बली देताना कुत्र्याचा वाटा जमिनीवर हळुवार ठेवावा, असे मनूने सांगितले. टाकावा नव्हे, ठेवावा. देण्यालाही रीत आहे. म्हणून देवळाच्या पायरीवर बिस्किटे उधळून पुण्य मिळवू नये. पायरीवर खाणे मिळते हे कुत्र्याला कळले की तो पायरी आपली समजतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रसादाची पुडी घेऊन उतरणाऱ्या मुलाच्या अंगावर जातो. जो रोज खाऊ घालतो, त्याने त्या कुत्र्याला लस आणि नसबंदी मिळेल हेही पाहावे. घास दिला की अर्धे पालकत्व आलेच.

वारकरी बंधूंना याच संदर्भात एक विनंती. दिंडीच्या मागे कुत्रे चालू लागते, हे आपण पुष्कळ वेळा पाहतो. कौतुकाने आपण भाकरी देतो, गळ्यात माळ घालतो, आणि ते आळंदीपासून अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट चालून पंढरीला येते. मग वारी संपते, मंडळी गाड्यांनी घरोघर जातात. ते कुत्रे मात्र परक्या गावात, परक्या कुत्र्यांच्या टोळीत, आपली माणसे शोधत हिंडते. परत नेण्याची तयारी असेल तर त्याला आपल्याबरोबर खुशाल चालू द्यावे. नसेल तर पहिल्याच मुक्कामावर त्याच्या गावी परतवावे.

उत्तररामायणात, ज्या सर्गांना काही पंडित प्रक्षिप्त मानतात त्यांत, रामाच्या दरबारी न्याय मागायला आलेल्या कुत्र्याची कथा आहे. एका ब्राह्मणाने त्याचे डोके फोडले होते. शिक्षा काय द्यावी असे विचारता कुत्रा म्हणाला, याला कालंजरच्या मठाचा कुलपती करा. सभा चकित झाली. ही शिक्षा की बक्षीस? कुत्रा म्हणाला, मीही मागच्या जन्मी कुलपतीच होतो. ज्यांचे पालन आपल्याकडे सोपविले आहे त्यांच्याविषयी चूक करणे किती सोपे आणि किती महाग, हे मला विचारा.

दाराशी एक पिलू आणून बांधणारा प्रत्येक मनुष्य असा लहानसा कुलपतीच होतो. म्हणून आणण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावे. दहा-बारा वर्षे याला मी पोसू शकेन काय? याला लस आणि औषध मिळेल काय? याला रोज हिंडवायला घरात कोणी आहे काय? आणि शेजारची म्हातारी माझ्या दारावरून निर्धास्त जाईल काय? चारही उत्तरे ‘होय’ असतील तर त्याला जरूर घरी आणावे आणि मुलासारखे वाढवावे. एक जरी ‘नाही’ असेल तर तूर्त थांबावे. आणि कुत्रा आधीच दाराशी असेल तर ते ‘नाही’ या महिन्यात ‘होय’ करण्याच्या उद्योगाला लागावे. ओसरीवरचे ते गृहस्थ अजून ‘तो काही करत नाही’ असेच म्हणत असतील, तर त्यांना आमचे एवढेच सांगणे की, तो काही करत नाही हे खरे मानले तरी प्रश्न उरतोच; तुम्ही काय करता?